गळ्याला विश्रांती द्या, कानाला नको

नाशिकच्या एका बाईंनी विचारलं आहे. त्या शाळेत संगीत शिकवतात, संध्याकाळी घरी शिकवण्या घेतात, वय ३८. विशारद होऊन १४ वर्षं झाली. दीड महिन्यापासून आवाज बसलेला आहे. स्वतःचा रियाज जवळजवळ सुटला आहे, आणि बसल्याच तर गुरुजींनी दिलेले पलटे, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या रचना, आणि त्याच ताना, यापलीकडे काही सुचत नाही. "सगळे म्हणतात, स्वतःची काळजी घे. मी ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, डायरी आणली, दोन्ही पंधरा दिवसांत सुटलं. काही दिवस गाणं पूर्ण बंद ठेवू का? आणि गाण्याबद्दल कुणाशी बोलून खरंच काही होतं का? आमचे गुरुजी बोलत नसत, फक्त गाऊन घ्यायचे."

मी सांगलीत ३२ वर्षं गाणं शिकवते आहे. तुमच्यासारखी पत्रं, फोन, दारात उभं राहून दबक्या आवाजात विचारलेले प्रश्न मला नवे नाहीत. तरीही उत्तर जरा लांबेल, कारण तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकात विचारले आहेत.

आधी आवाज. पत्रात तो एका ओळीत येतो आणि तुम्ही पुढे निघून जाता. मी तिथेच थांबते. तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं आणि दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्यायचे, हा माझा शिष्यांसाठीचा पक्का नियम आहे. तुमचे सहा आठवडे झाले आहेत. या आठवड्यात जा. ज्येष्ठमध आणि खडीसाखरेनं घशाला बरं वाटतं, पण स्वरतंतूंवर छोट्या गाठी आल्या असतील तर त्या चघळून जात नाहीत. शिक्षिकांमध्ये अशा गाठी पुष्कळ दिसतात. लवकर कळलं तर आवाज वापरायची पद्धत बदलून आणि व्यायामांनी त्या बऱ्याचदा ओसरतात.

हे का होतं तेही समजून घ्या. तुमची पट्टी काळी चार असेल, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तुमचा 'सा' असेल, तर मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, लावताना स्वरतंतू सेकंदाला २०८ वेळा एकमेकांना भिडतात. मिनिटाला १२ हजारांहून जास्त. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा-ला, याच्या दुप्पट. आता यात पंखे फिरताहेत, शेजारच्या वर्गात गोंगाट आहे आणि पन्नास मुलांच्या वर तुमचा आवाज चढवायचा आहे, अशा तासिका मिळवा. त्यानंतर घरी शिकवण्या. मग रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवं होणं, ज्यानं पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज जड लागतो. यातलं काहीही रियाज नाही, पण सगळं गळ्यातूनच गेलेलं आहे. तुम्ही म्हणता रियाज बंद आहे. माझ्या हिशेबानं तुमचा गळा दिवसाचे आठ तास चाललेला आहे, फक्त तुमच्यासाठी नाही.

शाळेत कमरेला अडकवायचा छोटा माइक-स्पीकर मागून घ्या. मिळाला नाही तर स्वतःचा घ्या, एका तंबोऱ्याच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो. मुलांना गप्प करायला आवाज वापरू नका. टाळीचा एक ठेका ठरवा, त्यांना तो खेळ वाटतो. कुजबुजू नका. कुजबुजल्यानं गळा वाचतो असं सगळ्यांना वाटतं, पण त्यातही ताण पडतो. बोलायचंच तर हळू पण आवाज लावून बोला. सारखं खाकरू नका, एक घोट पाणी प्या. पेल्यात बोटभर पाणी घेऊन त्यात स्ट्रॉनं बुडबुडे काढत हलका 'ऊ' धरायचा, हा व्यायाम आवाजाचे तज्ज्ञ देतात. डॉक्टर हो म्हणाले की दिवसातून चारपाच वेळा, दोनदोन मिनिटं करा. आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत काहीजणींचा आवाज जाडसर होतो, वरचे स्वर लागत नाहीत. त्या दिवसांत तार सप्तकाशी झगडू नका. माझ्या पिढीला हे कुणी सांगितलंच नाही. आम्ही त्याला आळस समजून आणखी जोर लावत होतो.

आता दुसरा प्रश्न, गाणं बंद ठेवू का.

गाणाऱ्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याकडे कुमार गंधर्वांचं आहे. ते सांगितलंही फार जातं, पण बहुतेक वेळा त्यातला चुकीचा भाग सांगितला जातो. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा मुलगा लहान वयातच मैफली गाजवत होता. विशीच्या सुरुवातीला क्षयानं गाठलं. हवेसाठी १९४८ साली मुंबई सोडून ते माळव्यात देवासला गेले आणि पुढची पाचेक वर्षं अंथरुणावर काढली. गायचं तर नाहीच, बोलायचंही बेतानं. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवं औषध होतं. त्यानं जीव वाचला, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. नंतर ते परत गायला लागले तेव्हा गाणं बदललेलं होतं.

लोक म्हणतात, आजारानं त्यांना घडवलं. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. त्या काळात क्षय हजारो लोकांना झाला. आजारानं कुणाचं गाणं उजळत नसतं. त्या पाच वर्षांत कुमारजींचा गळा बंद होता, कान बंद नव्हता. घराबाहेरून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकू यायची, सणावारांची, लग्नाची, ऋतूंची. ती त्यांनी इतकी बारकाईनं ऐकली की चारपाच स्वरांतल्या एखाद्या साध्या धुनेत दडलेला राग त्यांना दिसू लागला. पुढे त्यातून त्यांनी जे राग उभे केले त्यांना ते 'धुनउगम' म्हणत. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी. पडून राहिलेल्या माणसाच्या कानाचं हे काम आहे. आणि श्वास तोकडा झाल्यावर लांब दमसासाच्या मागे न धावता त्यांनी छोट्या, टोकदार वाक्यांत बोलणारी गायकी केली. आपल्याजवळ जेवढा श्वास आहे तेवढ्याच्या आत काय सांगता येईल, हा प्रश्न त्यांनी गाण्यालाच विचारला.

आणखी दोन गोष्टी या कथेत असतात आणि त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. एक, त्यांच्या पत्नी भानुमती. त्या मुंबईतल्या देवधरांच्या गाण्याच्या शाळेतल्या, स्वतः गाणाऱ्या. कुमारजींची शुश्रूषा त्यांनी केली. १९६१ साली त्या गेल्या. कुमारजींना ऐकायला जी शांतता मिळाली ती कुणीतरी राखली होती. 'स्वतःची काळजी घे' असं तुम्हाला सांगणाऱ्यांना एकदा विचारा की, मी दोन तास नुसती ऐकत बसले तर पोळ्या कोण करणार आहे? हे मी चिडून लिहीत नाही. हा प्रश्न घरात मोकळेपणानं विचारला गेला पाहिजे, कारण अ‍ॅप आणि डायरी सुटली ती तुमच्या दुबळेपणामुळे सुटलेली नाही. तुम्ही आधीच भरलेल्या दिवसात अजून दोन कामं घातलीत, म्हणून सुटली.

दुसरी गोष्ट त्यांच्या भोवतीची माणसं. इंदूरचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाटकवाले बाबा डिके. यांच्याशी त्यांची आयुष्यभराची मैत्री होती. यातला एकही जण गायक नाही. वर्तमानपत्र, चित्र, नाटक आणि गाणं अशी माणसं एकत्र बसायची. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गायकाशी गाण्याबद्दल बोललात तर बोलणं घराण्यावर, चूक-बरोबरवर आणि कोण कुणाचा शिष्य यावर लवकर जातं. चित्रकार विचारतो, तू तिथे जागा रिकामी का ठेवलीस? त्या प्रश्नाला तयार उत्तर नसतं. मग खरा विचार करावा लागतो.

त्याआधीही हेच होतं. मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांच्या शाळेत वेगवेगळ्या घराण्यांचे गवई येत, गात, बसत, बोलत. स्वतः देवधरांनी त्या गवयांबद्दल पुष्कळ लिहून ठेवलं आहे. कुमारजी तिथे पोरवयात आले. म्हणजे तालीम चालू होती आणि तिच्या शेजारी बोलणंही चालू होतं.

तुमचे गुरुजी बोलत नसत. माझेही नव्हते बोलत. पण आठवून बघा, तालीम संपल्यावर जिन्यात, एसटी स्टँडकडे चालताना, चहाच्या टपरीवर तुम्ही गुरुबहिणी काय करत होतात? "आज त्यांनी निषाद कसला घेतला ग!" "मला वाटलं तू सम चुकणार." त्या वीस मिनिटांच्या बोलण्याला कुणी तालीम म्हटलं नाही, पण गुरुजींनी न बोलता दिलेलं तिथे आपल्यात उतरत होतं. लग्न झालं, गाव बदललं, गुरुबहिणी पांगल्या, आणि ती वीस मिनिटं गेली. तालीम संपली हे आपल्याला कळतं. ती वीस मिनिटं संपली हे कळतही नाही. तुम्हाला सुचत नाही, याचं एक मोठं कारण मला यात दिसतं. १४ वर्षं तुम्ही रोज दुसऱ्यांचं गाणं ऐकता आणि दुरुस्त करता. तुमचं गाणं मात्र कुणीच ऐकलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

ऐकणं आणि त्यावर बोलणं यानं काय होतं ते एका प्रसंगातून सांगते. माझ्याकडे एक बँकेत नोकरी करणाऱ्या बाई शिकायच्या. भूप गायच्या, गळा चांगला. पण गाताना सारख्या धैवतावर येऊन थांबायच्या आणि भूपाचा देशकार व्हायला लागायचा. तुम्हाला माहीतच आहे, दोन्हींचे स्वर तेच पाच; भूपाचं घर गंधारावर आणि देशकाराचं धैवतावर, एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. मी वर्षभर "गंधारावर या, गंधारावर या" म्हणत राहिले. सुधारायचं आणि आठ दिवसांनी परत तेच. एक दिवस मी दुरुस्त करणं थांबवलं आणि विचारलं, धैवतावर थांबता तेव्हा काय चाललेलं असतं? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथे माझा श्वास संपतो. सकाळी आठपासून काउंटरवर असते. इथे येईपर्यंत अंगात एवढंच उरतं."

म्हणजे मी ज्याला रागाची चूक समजत होते तो दमलेल्या शरीरानं घेतलेला निर्णय होता. त्यानंतर मी आमच्या ताना-पलटे बाजूला ठेवले. त्यांची शिकवणी रविवारी सकाळी घेतली, त्या वेळेला भूप सोडून सरळ देशकारच शिकवला. आठ महिन्यांनी रात्रीचा भूप त्यांनी गायला तेव्हा गंधार आपोआप जागेवर होता, कारण आता त्यांना दोन्ही घरं माहीत होती.

तेव्हापासून मी प्रत्येक शिष्याच्या बाबतीत हे बघते. आपण ज्याला आपली शैली म्हणतो, आपली मर्यादा म्हणतो, 'मला सुचतच नाही' म्हणतो, त्यातला किती भाग थकव्याचा आहे? तीच तान परत परत येते कारण ती गळ्यावर चढलेली आहे, तिला विचार लागत नाही. दमलेलं मन नेहमी ओळखीच्या वाटेनं जातं. तिथे नवीन सुचण्याची जबरदस्ती केली तर फक्त अवघड काहीतरी येतं, नवीन येत नाही.

तर बोलायचं कसं. एक माणूस निवडा. गायक नसेल तर उत्तम. तबल्यावर किंवा पेटीवर साथ करणारं कुणी असेल तर फारच चांगलं, कारण साथीदार आपली प्रत्येक पळवाट जवळून ऐकत असतो. पंधरा दिवसांतून एकदा बसा. मी माझ्या एका पेटीवाल्या मित्राबरोबर अशी ११ वर्षं बसले. माझा आवाज एकदा आठ महिने गेला होता, तेव्हा सुरुवात झाली. गाता येत नव्हतं म्हणून मी फक्त ऐकत होते, ते वाजवत होते, मग आम्ही बोलायचो. पहिले दोन महिने माझ्याकडून तक्रारींशिवाय काही निघालं नाही. त्यांनी त्या ऐकून घेतल्या. मग एकदा मालकंस वाजवताना ते मध्यमावर थांबले आणि म्हणाले, "इथून पुढे तू कुठे गेली असतीस?" मी सांगितलं. "आणि तिथे गेली नसतीस तर?" त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला आठवडा लागला. बंद गळ्यानं, मनातल्या मनात. आवाज परत आला तेव्हा मी पहिल्यांदा तेच गायले.

या बैठकीत "कसं झालं?" हा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्याला "छान" किंवा "ठीक" याशिवाय उत्तर येत नाही. "असं का केलंस?" हेही नको. 'का' म्हटलं की माणूस आपली बाजू मांडायला लागतो. 'कुठे' विचारा. कुठे तुझं लक्ष सुटलं? कुठे तुला स्वतःला बरं वाटलं? कुठे तू घाई केलीस? 'कुठे'ला बोट ठेवून दाखवता येतं: दुसरं आवर्तन, सातवी मात्रा. बोट ठेवता आलं की मग बाकीचं आपोआप बोललं जातं, घरचं, शाळेचं, मनाचं. ऐकणाऱ्यानं दुरुस्ती सुचवायची नाही. हे शिक्षकांना फार जड जातं, मलाही गेलं. अर्धा तास झाला की उठायचं, विषय रंगलेला असला तरी. रात्री उशिरापर्यंत रंगलेल्या गप्पांचा दुसऱ्या दिवशी गळ्यावर आणि झोपेवर काय परिणाम होतो ते तुम्हाला सांगायला नको.

आणि एक काळजी घ्या. गाण्याबद्दल बोलताना कधी कधी मोठं दुःख वर येतं. रडू येईल, येऊ द्या. पण झोप उडाली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर मैत्रिणीवर ते ओझं टाकू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे जा. मी तशा दोन शिष्यांना पाठवलं आहे आणि दोघीही आज गातात.

डायरीबद्दल. तुम्ही आणलेल्या डायरीत बहुधा रोजच्या पानावर भरायच्या जागा असतील. ती राहू द्या. रियाजाची जुनी वही काढा, ज्यात बंदिशी उतरवल्या आहेत, आणि तिच्या मागच्या पानांवर तारीख टाकून एकच ओळ लिहा. "आज खर्जात पंचमापर्यंत गेले." "गायले नाही, कुकर होईपर्यंत तंबोरा ऐकला." "शेजारच्या आजी देवासमोर गुणगुणत होत्या, कोमल ऋषभ होता की काय?" माझ्या वहीत अशा ओळी १९९६ पासून आहेत. त्यात भावना फार थोड्या आहेत, ऐकलेल्या गोष्टी खूप आहेत. ज्या महिन्यांत ऐकलेल्या गोष्टी कमी झाल्या, त्यानंतरच्या महिन्यांत गाणं कोरडं झालेलं मला त्या वहीत स्पष्ट दिसतं. उलटं सहसा होत नाही.

'जाणीवपूर्वक जगणं' हे शब्द हल्ली फार ऐकू येतात. माझ्या कामात त्याचा मला कळलेला अर्थ अगदी छोटा आहे. तंबोरा जुळवताना जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा केसभर सरकवतो आणि अचानक खर्जाच्या तारेतून गंधार बोलायला लागतो, तेव्हा आपण तो ऐकला की नाही, एवढंच. घाईत असू तर तार जुळलेली असते, पण गंधार ऐकलेला नसतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरत असाल तर काही बिघडत नाही, मीही वापरते. फक्त आठवड्यातून एकदा खरा तंबोरा स्वतः जुळवा, पंधरा मिनिटं लागली तर लागू द्या, आणि त्या दिवशी गायला वेळ उरला नाही तरी चालेल. कुमारजींच्या मैफलीत तंबोरे किती निगुतीनं जुळवले जात हे ज्यांनी ऐकलं आहे ते अजून सांगतात.

आता पुढचे दीडदोन महिने कसे काढायचे. डॉक्टर जेवढे दिवस गाऊ नका म्हणतील तेवढे दिवस गाऊ नका, आणि शाळेकडून त्या काळापुरती तोंडी शिकवण्यातून सूट लेखी मागा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. मुलांना रेकॉर्डिंग ऐकवा, ताल शिकवा, हातावर मात्रा मोजायला लावा. संध्याकाळच्या शिकवण्यांपैकी निम्म्या थांबवा. पैशांचं गणित जुळणार नाही असं वाटेल. कागदावर मांडून बघा, कदाचित एका बॅचपुरतंच जमेल, तर एक बॅच थांबवा. पहाटेचा, घर उठायच्या आधीचा अर्धा तास तंबोऱ्यासमोर तोंड मिटून बसा. ज्या रागात तुम्हाला त्याच ताना येतात तो राग मनातल्या मनात गा. मनात गाताना गळ्याची सवय मधे येत नाही. तान येईल, येऊ द्या, आणि ती संपते तिथे स्वतःला माझ्या पेटीवाल्या मित्राचा तो दुसरा प्रश्न विचारा.

कोणता राग घेतलात आणि कितव्या आवर्तनात काय ऐकू आलं, ते वहीत एका ओळीत उतरवा, आणि महिनाभरानं त्या ओळी मला पाठवा. गायलेलं काही पाठवू नका, अजून नको.